दोन छपरांचं टाकं

आढं दुपारी चढवायचं ठरलं होतं, पण पन्हळीवरून भांडण सकाळी कॉफीच्या आधीच जुंपलं. गोलोशांच्या घरात हे नवं नव्हतं. कॉफी पोटात गेली की माणसं समजूतदार होतात, तेव्हा जे काही वाकडं बोलायचं ते आधीच बोलून घ्यावं, अशी या घराण्याची जुनी शिस्त.

स्तिपान मिस्त्री वर वाशांवर तंगड्या सोडून बसला होता. त्याची दोन माणसं खाली अंगणात आढ्याच्या तुळईला रंधा मारत होती. त्यानं वरूनच विचारलं, "काकू, पन्हळ कुठल्या अंगाला उतरवू? टाक्याकडं की रस्त्याकडं?"

"टाक्याकडं," नेझिरा म्हणाली.

"रस्त्याकडं," तिचा धाकटा मुलगा नुस्रेत म्हणाला.

दोघं एकाच वेळी बोलले. स्तिपाननं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि शिडीवर पाय ठेवला. "मी कॉफी पिऊन घेतो. तोवर तुमच्या घरात निवडणूक उरका. परदेशी निरीक्षक पाहिजेत तर खाली तालुक्याला पुष्कळ पडलेत."

नेझिराची मुलगी शेफिका अंजिराच्या झाडाखाली फळीवर पिटासाठी, सारण भरायच्या पोळीसाठी, पीठ लाटत होती. भांडणात पडायचं नाही असं ठरवूनच ती मोस्तारहून आली होती, पण हात पिठात असले की तिची जीभ मोकळी सुटायची. "नुस्रेतचं बरोबर आहे," ती म्हणाली. "स्वीडनहून एवढं गाडीला बांधून प्लास्टिकची टाकी आणली आहे पोरानं. ती काय अंगणात शोभेला ठेवायची?"

ती काळी टाकी फाटकाजवळ व्यालेल्या म्हशीसारखी आडवी पडली होती. नुस्रेतनं तिच्याबरोबर पाइप आणले होते, जोड आणले होते, आणि नळाला लावायची जाळीसुद्धा. तो तिकडे एका कारखान्यात जोडारी होता आणि कुठलीही गोष्ट अर्धवट आणणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

ओराहोवो गावात झरा नाही, विहीर लागत नाही. खाली सगळा चुनखडीचा दगड. आकाशातून पडेल ते पाणी दगड गिळून टाकतो. इथल्या माणसाचं पाणी म्हणजे त्याचं छप्पर. छपरावरून पन्हळीत, पन्हळीतून टाक्यात. आणि गोलोशांचं टाकं त्यांचं एकट्याचं नव्हतं. नेझिराचा आजेसासरा आणि कुंपणापलीकडच्या ओब्रेनचा आजोबा या दोघांनी मिळून ते दगडात खोदलं होतं. दोन्ही घरांची छपरं त्याच्याकडं उतरती, दोन्ही घरांच्या बादल्या त्याच्याच तोंडावर. दोन धर्मांत पेटलेल्या युद्धाच्या पहिल्या उन्हाळ्यात गोलोशांचं घर जळलं, छप्पर आत कोसळलं, तेव्हापासून टाक्यात निम्मंच पाणी येत होतं. ओब्रेननं आठ उन्हाळे त्या निम्म्या पाण्यावर काढले होते. बायको गेल्यावर तर एकट्यानं.

"एक टाकं म्हणजे रोज सकाळी एकमेकांचं तोंड बघणं," शेफिका म्हणाली. "मला नाही बघायचं. आई, तू बघशील तर बघ."

"तुला कुठं बघायचंय? तू मोस्तारला असतेस," नेझिरा म्हणाली.

शेफिकानं लाटणं जरा जोरात चालवलं. तिचा नवरा रेम्झो आजही आला नव्हता. दाढ दुखते म्हणाला. गावाकडं यायचं म्हटलं की रेम्झोची दाढ गेली दोन वर्षं दुखत होती. ज्या शाळेत युद्धात त्याला आणि बाकीच्या पुरुषांना कोंडलं होतं, तिच्यावरून रस्ता येतो. त्यावर घरात कुणी बोलत नसे. शेफिकानं दाढेसाठी लवंगा आणून ठेवल्या होत्या आणि तो त्या मुकाट्यानं चघळत असे.

तेवढ्यात मोठा भाऊ झाइम फाटकातून आला. त्याच्या हातात कागदात बांधलेलं पुडकं होतं आणि तोंडभर हसू होतं.

"कूमनं सदरा ठेवलाय! फाटकाच्या खांबावर ठेवून गेला. आत नाही आला म्हातारा, लाजतो."

कूम म्हणजे ओब्रेन. झाइम वर्षाचा असताना ओब्रेननं त्याचं जावळ काढलं होतं. आपल्या मुलाचं जावळ पलीकडच्या धर्माच्या शेजाऱ्याच्या हातून काढायचं, की दोन घरं जन्माची बांधली जातात. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कूमशी नाही. झाइमच्या आजोबांचं जावळ ओब्रेनच्या आजोबांनी काढलं होतं, आणि टाकं त्यानंतरच्या वर्षी खोदलं गेलं.

आढं चढलं की त्याला दोरी बांधून तिच्यावर सदरे, टॉवेल, लोकरी मोजे टांगतात. मिस्त्री एकेक वस्तू हातात घेऊन देणाऱ्याचं नाव अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं पुकारतो, घराला आशीर्वाद देतो, आणि संध्याकाळी ते सगळं आपल्या घरी घेऊन जातो. यजमानाच्या सदऱ्यानंतर पहिला मान कूमचा. म्हणून झाइमला एवढा आनंद झाला होता. त्यानं पुडकं उघडून सदरा वर धरला. निळ्या बारीक चौकडीचा, नवा कोरा, कॉलरला अजून टाचण्या होत्या.

"बघ आई. बाजारातून स्वतः आणलाय. बायको, स्तोयांका असती तर तिनं आणला असता, पण आता कोण आहे त्याला?"

नेझिरानं सदऱ्याकडं बघितलं. मग कॉफीचं भांडं चुलीवरून उतरवलं, पेल्यांत ओतलं, आणि सगळ्यांचे पेले भरून झाल्यावर म्हणाली, "पाणी टाक्यात जाईल. तो सदरा वर जायचा नाही."

---

नुस्रेतला आपल्या आईचं काही कळेनासं झालं. माणूस एक तर शेजाऱ्याला धरतो, नाही तर सोडतो. पाणी द्यायचं आणि सदरा नाकारायचा, हा कुठला हिशेब? तो पेला हातात घेऊन टाक्यापाशी गेला. नेझिरा त्याच्यामागून आली. टाक्याचं तोंड दगडी होतं, दोराच्या घासण्यानं त्याच्या कडेला खोल खाचा पडल्या होत्या. एका बाजूच्या खाचांत अजून शेवाळ राहिलं होतं, दुसऱ्या बाजूच्या लख्ख होत्या.

"आई, मला खरं सांग. तू इथं राहणार म्हणजे हिवाळ्यातसुद्धा?"

"घर काय उन्हाळ्यापुरतं बांधतोय?"

"खालच्या वस्तीत तीन घरं परत आलीत. ती खाली. वर कोण? तू आणि तो. बोरा वारा सुटला की रस्ता आठ-आठ दिवस बंद. तुला ताप आला, तू पडलीस, तर मला तिकडं स्वीडनला, नॉर्शोपिंगमध्ये काय स्वप्न पडणार आहे?"

"म्हणूनच टाकं एक पाहिजे."

"म्हणजे?"

"अरे, सकाळी मी बादली सोडते तो आवाज त्याच्या स्वयंपाकघरात जातो. त्याची बादली मला ऐकू येते. एखाद्या सकाळी आवाज आला नाही, तर दुसरा कुंपणाशी येऊन हाक मारतो. तुझ्या त्या टाकीला नळ आहे. नळ उघडला तर कुणाला कळणार?"

नुस्रेतनं फाटकाजवळच्या काळ्या टाकीकडं बघितलं. ती आणायला त्यानं जर्मनीत एक रात्र गाडीत झोपून काढली होती. त्याला स्वतःचा राग आला आणि आईचं हसूही आलं. चांगल्या जाळीच्या नळानं आपण आईला एकटं पाडणार होतो, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"बरं," तो म्हणाला. "पन्हळ टाक्याकडं. माझं मत बदललं असं स्तिपानला सांगतो. पण मग त्या सदऱ्यानं काय घोडं मारलंय? तोच शेजारी, तोच हात."

"पाणी लागतं म्हणून घेतो," नेझिरा म्हणाली. "त्यालाही घसा आहे, मलाही आहे. सदरा टांगला की नाव पुकारतात. कूम म्हणून पुकारतात."

"तो कूम आहेच ना!"

नेझिरानं वाकून टाक्याच्या कडेचं शेवाळ नखानं थोडं खरवडलं आणि परत चुलीकडं गेली. नुस्रेत पाइप रस्त्याच्या बाजूनं उचलून टाक्याच्या बाजूला नेऊन ठेवायला लागला. शेफिकानं ते बघितलं.

"फितूर!" ती ओरडली.

"ताई, तुझा पिटा करपतोय."

"अजून चुलीवर पण नाही गेला!"

---

दुपारपर्यंत खालच्या वस्तीतली माणसं वर आली. प्रत्येकाच्या काखेत टॉवेल किंवा मोजे. कुणीतरी आढ्याला बांधायला डाळिंबाची फांदी आणली, फळासकट. झाइमनं स्तिपानसाठी सिमेंटच्या पोत्यांमागं राकियाची, घरच्या दारूची, बाटली लपवली होती. नेझिराला ती ठाऊक होती आणि तिनं ती दिसत नसल्याचं सोंग नीट वठवलं होतं. कोकरू निखाऱ्यांवर सळईला फिरत होतं. झाइम सगळ्यांना सांगत होता की आता नव्या नंबरप्लेटवर गावाचं नावच नसतं, गाडी कुठल्या बाजूची ते कुणाला कळत नाही, म्हणून तर इथवर निर्धास्त येता येतं.

चार माणसांनी तुळई खांद्यावर घेतली, दोघांनी वरून दोर ओढले, आणि आढं आपल्या जागी बसलं. स्तिपाननं हातोड्यानं तीन ठोके दिले, दोरी बांधली. नुस्रेतचा सदरा यजमानाचा म्हणून पहिला वर गेला. स्तिपाननं छाती भरून घेतली.

"हा सदरा गोलोशांच्या घरचा! या छपराखाली लग्नं होवोत, भांडणं न होवोत, आणि झाली तर मिस्त्रीला बोलवू नये!"

खालून हशा पिकला.

"आता कूमचा!" स्तिपान म्हणाला.

झाइम निळ्या चौकडीचा सदरा खांद्यावर टाकून शिडी चढायला लागला होता. सकाळी आई काय बोलली ते त्यानं ऐकलं होतं, पण म्हाताऱ्या बायकांच्या रागाला चार तासांची मुदत असते, असं त्याचं आयुष्यभराचं मत होतं.

"झाइम, खाली ये," नेझिरा म्हणाली.

"आई, आता माणसांसमोर नको."

"खाली ये म्हणते ना."

तो अर्ध्या शिडीवर थांबला. "कूम आहे तो माझा! त्यानं कुणाचं घर जाळलं नाही. कुणाला हात लावला नाही. घर जळलं त्या पहाटे तो घरात असता तर त्यानं दार उघडलं असतं आणि बाबांना लपवलं असतं. नव्हता घरी, तर त्याचा काय दोष? तूच सांगितलंस ना, नव्हता म्हणून?"

"घरी होता."

हे ती फार हळू बोलली. पण अंगण तेवढंच शांत होतं.

"मी दारावर हात मारला," नेझिरा म्हणाली. "बाबांच्या पायाला तेव्हा प्लास्टर होतं, ते आठवतं ना. त्यांना चालता येत नव्हतं. म्हटलं, त्यांना आत घे, मी मुलीला घेऊन डोंगरातून जाते. आत दिवा होता. मी नावानं हाक मारली. दिवा विझला. मग मी परत आले आणि बाबांना सांगितलं, ओब्रेन घरी नाही. हातगाडीत घालून नेलं त्यांना, ते शेफिकाला ठाऊक आहे."

शेफिका पिठाच्या हातांनी तोंड धरून उभी होती. ती तेव्हा हातगाडीच्या मागून चालली होती, सबंध डोंगर. मोस्तारच्या तळघरातल्या खोलीत तीन हिवाळे बाबा भिंतीकडं तोंड करून पडून असायचे, आणि बोलायचे ते एवढंच: ओब्रेन घरी असता तर. कधी चिडून नाही, अगदी प्रेमानं बोलायचे. मरायच्या आदल्या आठवड्यातही तेच.

"बाबांना कधीच कळलं नाही?" तिनं विचारलं.

"कशाला कळवू? माणसाला शेवटी काहीतरी धरायला लागतं. त्यांनी त्याला धरलं होतं." नेझिरानं ओच्याला हात पुसले. "आणि झाइमला सांगितलं असतं तर जावळाचं नातं तुटलं असतं. चार पिढ्यांचं. ते माझ्या तोंडून तुटायला नको होतं. तो स्वतः कधीतरी येऊन सांगेल असं मला वाटत होतं. मी इथं दोन उन्हाळे येतेय. सदरा मात्र खांबावर ठेवून गेला."

---

कुंपणापलीकडं आपल्या गोठ्याच्या भिंतीला टेकून ओब्रेन बसला होता. सदरा शिडीवर चढताना त्यानं बघितला होता आणि थांबताना बघितला होता. दोन्ही अंगणं एवढी जवळ की एकाच्या घरातली शिंक दुसऱ्याच्या घरात ऐकू यायची. त्यानं सगळं ऐकलं.

गेले दोन उन्हाळे झाइम रस्त्यावरूनच "कूम!" म्हणून हाक मारायचा, त्याला मिठी मारायचा, सिगारेट द्यायचा. ओब्रेनला वाटायचं, पोरगा टोमणा मारतोय. सगळ्या घराला ठाऊक आहे आणि हे लोक हसून हसून आपल्याला चटके देतायत. म्हणून तो दार लावून बसायचा. बादलीसुद्धा त्यांची बादली वाजून गेल्यावर सोडायचा. आता त्याला कळलं की त्यांना ठाऊकच नव्हतं. ती बाई आठ वर्षं त्याचं नाव झाकत होती. त्यापेक्षा तिनं गावभर शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. त्याला फार लाज वाटली. तरी तो भिंतीला धरून उठला, टोपी काढून हातात घेतली, आणि फाटकाकडं चालायला लागला.

---

झाइम शिडीवरून उतरला तो सरळ पाइपांकडं गेला. "नुस्रेत, ये. तुझी टाकी उभी करू. रस्त्याच्या बाजूला. एक थेंब जायला नको त्याच्याकडं."

"नको, दादा."

"नको? सकाळी तूच म्हणत होतास!"

"सकाळी मला माहीत नव्हतं. पाणी टाक्यात जाऊ दे. आईला इथं राहायचंय."

"आणि तू? तू पण बोल!" झाइम शेफिकाकडं वळला. "सकाळपासून तू त्याच्या नावानं खडे फोडत होतीस. आता का गप्प?"

शेफिका डोळे पुसत म्हणाली, "मला काही सुचत नाहीये. बाबा त्याचं नाव घेऊन गेले. मी आता त्या नावाला काय बोलू?"

झाइमला एकदम आपण एकटे पडल्यासारखं झालं. सकाळी पाण्यापुरते तरी तो आणि आई एका बाजूला होते. आता सगळं घर कुठंतरी दुसरीकडं जाऊन उभं होतं आणि तो पाइप हातात धरून राहिला होता. आणि त्यातला सगळ्यात वाईट भाग हा की त्याला रडू येत होतं. चव्वेचाळीस वर्षांचा बसचालक, आणि समोर खालच्या वस्तीतली माणसं टॉवेल घेऊन उभी. त्याला ओब्रेनचा राग आला त्यापेक्षा जास्त स्वतःच्या मिठ्यांचा आला.

मग माणसं बाजूला झाली. ओब्रेन फाटकात उभा होता. आत पाऊल टाकलं नव्हतं.

"बोल," नेझिरा म्हणाली.

"जागा होतो," ओब्रेन म्हणाला. "दाराच्या आत उभा होतो. कडीवर हात होता माझा. स्तोयांका म्हणाली, उघड. मी नाही म्हटलं. दिवा मीच विझवला."

"का?" झाइम म्हणाला. त्याला वाटलं होतं आपण ओरडू, पण ते साधंच विचारल्यासारखं निघालं.

"भीती वाटली."

"आमची?"

"तुमची कशाला? आमच्याच लोकांची. रस्त्यावर ट्रक उभे होते. दुसऱ्या दिवशी भीती गेली. तोवर तुम्ही गेला होतात." तो टोपी बोटांत फिरवत होता. "स्तोयांका पाच वर्षं जगली त्यानंतर. माझ्या ताटात वाढायची, पण बोलली नाही कधी धड. एवढंच. सदरा परत देत असाल तर द्या."

स्तिपान वर आढ्यावर घोड्यावर बसल्यासारखा बसून होता. तोही या भागातला होता, त्याच्याही गावात असली दारं होती, आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच विनोद केला नाही.

नेझिरा पुढं झाली. "पाण्याचं मी ठरवते," ती म्हणाली, "कारण इथं मी राहणार. स्तिपान, पन्हळ टाक्याकडं उतरव. आणि ओब्रेन, तुझ्या छपराची पन्हळ कोपऱ्यात गळते. वर्षानुवर्षं गळते ती. निम्मं पाणी भिंतीत जातं. पाऊस लागायच्या आत नीट कर. माझ्या छपराचं पाणी मी तुझ्या भिंतीसाठी गोळा करत नाही."

"करतो," ओब्रेन म्हणाला.

"सदऱ्याचं मी ठरवत नाही." ती झाइमकडं वळली. "जावळ तुझं काढलं होतं."

सगळे झाइमकडं बघायला लागले. त्याच्या खांद्यावर तो सदरा अजून तसाच होता. टाचणी कॉलरमधून निघून त्याच्या मानेला टोचत होती. त्यानं ती उपटली, इकडं तिकडं बघितलं, आणि कुठं टाकावी ते न कळून स्वतःच्याच कॉलरला लावली. सदरा परत दिला तर गोष्ट संपते. मग म्हातारा आपल्या घरात, आई आपल्या घरात, मध्ये टाकं, आणि पाणी काढायचं ते नुसतं पाणी म्हणून. सदरा टांगला तर आठ वर्षांवर माती टाकल्यासारखं होतं, आणि त्या मातीखाली बाबा होते, भिंतीकडं तोंड करून. बाबांना विचारता आलं असतं तर बाबांनी काय सांगितलं असतं हे झाइमला पक्कं ठाऊक होतं. पण बाबांना खोटं सांगितलं होतं. त्यांचं मत धरता येत नव्हतं.

तो शिडीपाशी गेला आणि सदरा वर स्तिपानच्या हातात दिला.

"टांग," तो म्हणाला. "नाव नको पुकारू."

"नाव न पुकारता?" स्तिपाननं विचारलं. "मी असं कधी केलं नाही."

"आज कर."

स्तिपाननं सदरा दोरीला अडकवला. सवयीनं त्यानं छाती भरून घेतली, तोंड उघडलं, आणि ते तसंच मिटलं. अंगणात सगळी माणसं मान वर करून बघत होती. निळा सदरा वाऱ्यानं एकदा फुगला, मग दोरीवर सरळ लोंबला. ओब्रेन फाटकाबाहेर टोपी हातात धरून उभा होता. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा गोलोशांच्या छपरावर त्याची वस्तू चढली होती आणि त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. त्यात काय दिलंय आणि काय ठेवून घेतलंय, हे तिथल्या एकाही माणसाला समजावून सांगावं लागलं नाही. ओब्रेननं मान हलवली. त्याला ते रास्त वाटलं.

"पुढचा!" स्तिपान ओरडला. "हे मोजे खालच्या वस्तीतल्या हातिजाबाईंचे! पायांना ऊब मिळो आणि बाईंना नवी सून!"

माणसं पुन्हा हसली, थोडी जास्तच मोठ्यानं. झाइम हसला नाही. तो फाटकाकडं बघत होता. ओब्रेन आपल्या घराकडं वळला होता आणि गळकी पन्हळ नीट करायला गोठ्यामागून शिडी ओढून काढत होता, एकट्यानं, आजच. जड होती ती त्याला.

झाइमनं थोडा वेळ ते बघितलं. मग पाइप खाली ठेवला आणि शिडीचं दुसरं टोक धरायला गेला. जाताना तो त्याला कूम म्हणाला नाही.